ग्रिडला पन्नासचा काटा आहे, आरोग्याला नाही

या भागाचं हे लेखी रूप. बोलताना केलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ बरेचसे काढून टाकलेत. आकडे थोडे जास्त आहेत आणि ते कानापेक्षा डोळ्यांनी बरे समजतात, म्हणून ऐकून झालं असेल तरी एकदा नजर टाका.

आजचा विषय आहे स्टॅटिस्टिकल मॉडेलिंग. घाबरू नका, सूत्रं नाहीत. दोनच ठिकाणं बघायची आहेत: एक विजेची ग्रिड, दुसरं आरोग्य संशोधन. दोन्हीकडे लोक डेटा घेतात, मॉडेल बसवतात, अंदाज काढतात. गणितही बरंचसं सारखंच असतं. पण एक मोठा फरक आहे, आणि तो एकदा लक्षात आला की बातमीतला कुठलाही आकडा तुम्ही वेगळ्या नजरेनं बघाल.

नऊ मिनिटांचा पेपर

तारीख ५ एप्रिल २०२०, रविवार. लॉकडाऊन सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे बंद करून पणत्या, मेणबत्त्या लावा, असं आवाहन पंतप्रधानांनी शुक्रवारी सकाळी केलं होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तेव्हा बाल्कनीत किंवा गच्चीवर उभं राहून मोबाइलचा टॉर्च लावला असेल.

त्याच वेळी देशाची ग्रिड चालवणाऱ्या लोकांसमोर वेगळाच प्रश्न होता. कोट्यवधी घरांतले दिवे एकदम बंद झाले तर विजेची मागणी किती कमी होईल? तयारीला हातात जेमतेम अडीच दिवस. आणि याआधी असं कधी झालेलंच नाही, म्हणजे जुना डेटा शून्य. महाराष्ट्राचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी तर ‘सगळे दिवे एकदम बंद करू नका’ असं उघड आवाहन केलं होतं.

राष्ट्रीय ग्रिड सांभाळणाऱ्या पोसोकोनं (आता तिचं नाव ग्रिड-इंडिया) अंदाज काढला: मागणी साधारण १२ ते १४ हजार मेगावॅटनं घटेल. यामागचा विचार सरळ होता. आवाहन फक्त दिव्यांचं आहे. पंखे, फ्रिज चालू राहतील. रस्त्यावरचे दिवे आणि हॉस्पिटलं चालू राहतील. मग घरगुती वापरात दिव्यांचा वाटा किती, तेवढं वजा करा.

प्रत्यक्षात मागणी किती घटली? रात्री पावणेनऊनंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत सुमारे ३१ ते ३२ हजार मेगावॅट. साधारण १ लाख १७ हजारांवरून ८५ हजारांवर. अंदाजाच्या दुप्पटीपेक्षा जास्त!

आता शाळेच्या हिशेबानं हा अंदाज सपशेल नापास. पण देशात कुठेही मोठा ब्लॅकआउट झाला नाही. अंदाज दुपटीनं चुकूनही ग्रिड टिकली. कशी, ते समजून घेण्यासाठी आधी एक गोष्ट माहीत हवी.

पन्नासचा काटा

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते, हे फॅनच्या किंवा चार्जरच्या लेबलवर लिहिलेलं असतं. म्हणजे विजेचा प्रवाह एका सेकंदात पन्नास वेळा पुढे-मागे होतो. शाळेत याला वारंवारता म्हणायचे, बोलताना आपण फ्रिक्वेन्सी म्हणू.

ही फ्रिक्वेन्सी येते कुठून? वीजकेंद्रातल्या फिरणाऱ्या जनरेटरमधून. कोयना असो, चंद्रपूर असो किंवा तारापूर, सगळी अजस्र चक्रं एकाच तालात फिरत असतात. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढीच राहिली, की या चक्रांवर ओझं येतं, ती किंचित मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी ५० च्या खाली सरकते. मागणी घटली की ओझं उतरतं, चक्रं जोरात फिरतात, फ्रिक्वेन्सी ५० च्या वर जाते. सायकल चढावर आणि उतारावर जशी वागते, तसंच.

आपल्या ग्रिडसाठी ठरवलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ इतका अरुंद आहे. यातून काटा फार बाहेर गेला की यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी ग्रिडपासून सुटी होऊ लागतात. एक सुटलं की उरलेल्यांवर ताण येतो, मग दुसरं सुटतं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला, एका लाइनवर जास्त ताण येऊन ती ट्रिप झाल्यावर, पत्त्यांचा बंगला कसा कोसळतो ते देशानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीन ग्रिड बसल्या आणि सुमारे ६२ कोटी लोकांच्या भागातली वीज गेली.

पण याच काट्याचा एक प्रचंड फायदा आहे. अंदाज आणि वास्तव यांच्यात तफावत पडली, की ती काही सेकंदांत, देशभर, प्रत्येक सॉकेटमध्ये दिसते. कोणी अहवाल लिहावा लागत नाही, समिती नेमावी लागत नाही. ‘तू चुकतोयस आणि या दिशेला चुकतोयस’ हे ग्रिड स्वतः सांगते.

ही गोष्ट मनात ठेवा. पुढे आपण आरोग्याकडे जाऊ तेव्हा हाच काटा शोधणार आहोत.

एरवी अंदाज बरोबर कसा येतो?

रोजच्या दिवशी ग्रिडचे अंदाज चांगलेच जवळ येतात. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी किती वीज लागेल ते आदल्या दिवशीच ठरवतात. मॉडेलला काय काय सांगायचं? कालची मागणी, गेल्या आठवड्यात याच वारी याच वेळची मागणी, तापमान, दमटपणा, सुटी, सण. मे महिन्यात विदर्भात पारा चढला की कूलर आणि एसी वाढतात. चांगला पाऊस झाला की शेतीपंप बंद होतात. मॉडेल जुन्या डेटातून प्रत्येक गोष्टीचं वजन शिकतं आणि उद्याचा आकडा देतं.

तरीही प्रश्न उरतोच. तुमच्या घरी आत्ता मिक्सर लागेल की नाही, हे कुठल्या मॉडेलला माहीत आहे? कोणालाच नाही. मग लाखो अनिश्चित घरांची बेरीज इतकी निश्चित कशी?

नाण्यांचा खेळ घेऊ. शंभर नाणी उडवली तर सरासरी ५० छापे येतील, पण ५ इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं. म्हणजे दहा टक्के चूक. आता दहा हजार नाणी उडवा. सरासरी ५,०००, आणि नेहमीची चूक ५० च्या आसपास. म्हणजे फक्त एक टक्का. नाणी शंभरपट झाली, पण चूक दहापटच वाढली. कारण कोणाचा छापा जास्त येतो, कोणाचा काटा, आणि बेरजेत ते एकमेकांना खाऊन टाकतात.

घरांचंही तसंच. तुम्ही गिझर लावता तेव्हा शेजारी बंद करत असतो. ग्रिडवाले याला डायव्हर्सिटी म्हणतात. प्रत्येक घर मनमानी करतं म्हणूनच सगळ्यांची बेरीज शांत राहते.

तरी जी चूक उरते, तिचाही हिशेब ठेवायचा असतो. समजा एखाद्या राज्याचा अंदाज २०,००० मेगावॅट आहे, आणि वर्षभराच्या चुका मांडल्यावर प्रमाणित विचलन ३०० मेगावॅट निघालं. (आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत.) चुका नेहमीच्या घंटेच्या आकारात पसरत असतील, तर शंभरातल्या साधारण ९५ वेळा वास्तव १९,४०० ते २०,६०० मध्ये पडेल. मग कामाचा आकडा कुठला? २०,००० तर हवाच, पण राखीव वीज किती ठेवायची हे ठरतं त्या ६०० वरून. कमी ठेवली तर धोका, जास्त ठेवली तर फुकट खर्च, जो शेवटी आपल्याच बिलात येतो.

म्हणजे अंदाजाबरोबर त्याची चूकसुद्धा विकत घ्यावी लागते. हे वाक्य पुढे परत लागेल.

त्या रात्री काय मोडलं?

नाण्यांच्या खेळात एक अट न बोलता घातलेली असते: प्रत्येक नाणं आपापलं पडतं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. स्टॅटिस्टिक्समध्ये याला स्वतंत्रता म्हणतात, आणि जगातली कितीतरी मॉडेलं या एका अटीवर उभी असतात.

५ एप्रिलला ही अटच मोडली. कोट्यवधी नाणी एकाच हातात आली आणि त्या हातानं ती एकाच बाजूला ठेवली. आता चुका एकमेकांना खात नाहीत, त्या एकावर एक चढतात. लोकांनी दिव्यांखेरीज आणखीही बरंच काही बंद केलं असणार, नाहीतर हा आकडा बसत नाही. एका घरानं असं केलं तर काहीच फरक पडत नाही. पण सगळ्या देशाचा मूड एकच असतो तेव्हा अंदाजातली छोटी चूक दर घरामागे त्याच दिशेनं होते, आणि घरं जितकी जास्त तितकी ती मोठी होत जाते. जास्त डेटा इथे मदतीला येत नाही.

मग ग्रिड वाचली कशी?

कारण चालवणाऱ्यांनी स्वतःच्या अंदाजावर आंधळा भरवसा ठेवला नव्हता.

कोळशाचा संच झटकन कमी-जास्त होत नाही. बॉयलर तापलेला असतो, त्याला वेळ लागतो. पाण्याचं तसं नाही. गेट बंद केलं की जलविद्युत संच मिनिटांत उतरतो. म्हणून योजना अशी होती की संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी जलविद्युत जपून वापरायची, तेव्हाचा भार कोळसा आणि गॅसवर घ्यायचा. नऊ वाजायच्या आधी कोळशाचे संच हळूहळू खाली आणायचे आणि पाण्याचे वर न्यायचे, म्हणजे ऐन वेळी झटकन खाली आणता येईल अशी भरपूर वीज हाताशी राहते.

आणि तसंच झालं. पावणेनऊ ते नऊ-दहा या वेळात देशातली जलविद्युत निर्मिती सुमारे साडेसतरा हजार मेगावॅटनं खाली आणली गेली. एकट्या पाण्यानंच आधीच्या संपूर्ण अंदाजापेक्षा जास्त घट झेलली. लोकांनी नऊच्या आधीपासूनच बटणं दाबायला सुरुवात केली होती, त्यामुळे घसरणही थोडी पसरली. बाकीचं काम काट्यानं केलं. फ्रिक्वेन्सी वर गेली की माणसं आणि यंत्रं दोघांनाही कळत होतं, अजून कमी करा. त्या वेळात काटा ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झच्या दरम्यान हलला. नेहमीच्या पट्ट्याच्या बाहेर, पण हाताबाहेर नाही.

म्हणजे त्या रात्री दोन गोष्टींनी वाचवलं: चुकायला ठेवलेली जागा, आणि चूक लगेच सांगणारा काटा.

आता आरोग्याकडे येऊ. तिथे जागा ठेवता येते. पण काटा?

इथे सॉकेटमध्ये काही दिसत नाही

एखादं औषध लाखो लोक घेतायत आणि ते फायद्याऐवजी किंचित नुकसान करतंय, असं समजा. कुठे दिवा लुकलुकेल? कुठे काटा हलेल? कुठेच नाही. माणसं आजारी पडतात, पण ती एरवीही पडतातच. वीस वर्षं चूक चालू राहू शकते आणि प्रत्येक जण प्रामाणिकपणे म्हणत राहील की आमचा अनुभव तर चांगला आहे.

हे खरंच घडलंय. अमेरिकेत अनेक वर्षं पाळी थांबलेल्या स्त्रियांना हार्मोनच्या गोळ्या दिल्या जात. ज्या स्त्रिया गोळ्या घेतात त्यांना हृदयविकार कमी होतो, असं मोठमोठ्या निरीक्षणांमधून दिसत होतं. डेटा खोटा नव्हता, गणितही बरोबर होतं. पण गोळ्या कोण घेत होत्या? जास्त करून शिकलेल्या, डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या, तब्येतीकडे लक्ष देणाऱ्या बायका. त्यांचं हृदय गोळीमुळे चांगलं होतं की या बाकीच्या गोष्टींमुळे, हे त्या डेटातून सुटं करणं अवघड होतं.

मग ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासात १६,६०८ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली. काहींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी नकली गोळी. कोण कुठल्या गटात, हे नशिबानं ठरलं. त्यामुळे शिक्षण, पैसा, सवयी सगळं दोन्ही गटांत सारखं वाटलं गेलं. २००२ मध्ये अभ्यासाचा हा भाग ठरल्या मुदतीआधीच थांबवावा लागला. हृदयविकार कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला दिसला, शिवाय स्तनाचा कर्करोगही.

इथे आकड्यांचा एक बारकावा बघा. हृदयविकाराचा धोका २९ टक्क्यांनी वाढला, असं छापलं की छातीत धस्स होतं. तोच आकडा दुसऱ्या प्रकारे: दर वर्षी १०,००० स्त्रियांमागे ३० ऐवजी ३७ जणींना त्रास. म्हणजे सात जास्त. दोन्ही वाक्यं खरी आहेत. एका स्त्रीसाठी सात छोटे, पण कोट्यवधी स्त्रिया गोळी घेत असतील तर तेच सात फार मोठे. (वय आणि पाळी थांबून किती वर्षं झाली यावरही हा धोका बदलतो, असं पुढच्या विश्लेषणांतून दिसलं. त्यामुळे घरात कोणाची गोळी चालू असेल तर हा लेख दाखवून बंद करायला लावू नका, डॉक्टरांना विचारा.)

दहा हजारांत सात. हे कोणा एका डॉक्टरच्या अनुभवात कधीच दिसलं नसतं. नकली गोळीचा गट होता म्हणूनच दिसलं. आरोग्य संशोधनात काटा आयता मिळत नाही, तो असा हातानं घडवावा लागतो.

गडचिरोलीतला काटा

असाच एक काटा आपल्या महाराष्ट्रात घडला आहे, आणि त्याची कथा प्रत्येक डेटावाल्यानं वाचावी अशी आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीत १९९३ ते ९५ या काळात नवजात बाळांच्या मृत्यूंची मोजणी केली. हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६० बाळं पहिल्या २८ दिवसांतच जात होती. हॉस्पिटल दूर, रस्ते कच्चे, आणि बाळंतपणं घरीच. तेव्हा आजारी नवजात बाळावर उपचार म्हणजे हॉस्पिटल हेच समीकरण होतं. बंगांचा प्रस्ताव वेगळा होता. गावातल्याच बाईला शिकवायचं, तिला आरोग्यदूत म्हणायचं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, श्वास अडकला तर मदत करणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडली तर अँटिबायोटिकचं इंजेक्शनही देणं, ही सगळी कामं ती घरी जाऊन करणार.

आता समजा, त्यांनी हे सगळीकडे सुरू केलं असतं आणि मृत्यू कमी झाले असते. कोणीही म्हणालं असतं, त्या वर्षी पीक चांगलं आलं होतं. किंवा, रस्ता झाला म्हणून. किंवा, तुमचीच माणसं मोजतायत, तर मृत्यू कमीच दिसणार. यातल्या एकाही आक्षेपाला उत्तर देता आलं नसतं.

म्हणून ३९ गावांत ही सेवा सुरू केली, आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. मोजणी मात्र दोन्हीकडे. ही वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, म्हणून सुरुवातीचे आकडे महत्त्वाचे ठरतात: सेवेच्या गावांत हजारामागे ६२, तुलनेच्या गावांत ५८. म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीला दोघं जवळपास एकाच रेषेवर. तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांतला आकडा २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तसा उतार दिसला नाही. दोन्हींचा हिशेब धरून निव्वळ घट निघाली ६२ टक्के. डिसेंबर १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

पीक चांगलं आलं असेल तर दोन्हीकडच्या गावांत आलं असणार. रस्ता झाला असेल तर तोही दोन्हीकडे. तुलनेची ती ४७ गावं म्हणजे पन्नासचा काटा. ती नसती तर ‘आम्हाला फरक जाणवतो’ यापलीकडे कोणाला काही म्हणता आलं नसतं. २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा कार्यक्रम आशा कार्यकर्तींमार्फत देशभर सुरू झाला, त्याच्या पायाशी हा पुरावा आहे.

नाण्यांचा धडा इथेही लागू पडतो. एका गावातली बाळं ही सुटी सुटी नाणी नाहीत. तेच पाणी, तीच दाई, तोच रस्ता. म्हणून अशा अभ्यासात ‘इतकी हजार बाळं’ या आकड्याइतकाच, किंबहुना जास्त, ‘किती गावं’ हा आकडा महत्त्वाचा. हजार बाळं दोन गावांतली असतील तर माहिती प्रत्यक्षात दोन गावांएवढीच.

मुंबईची सेरो तपासणी

परत २०२० मध्ये येऊ. जुलै महिना, मुंबई. रोज संध्याकाळी आजच्या नव्या रुग्णांचा आकडा यायचा. महिनाअखेरीला एकूण नोंद लाखाच्या थोडी वर होती. सव्वा कोटीच्या शहरात म्हणजे एक टक्क्याच्या आसपास. मग साथ एक टक्क्यापर्यंतच पोचली होती का?

हा आकडा साथीचा नव्हता, तो चाचण्यांचा होता. ज्याला ताप आला, जो रांगेत उभा राहिला, ज्याचा नंबर लागला, तो मोजला गेला. लक्षणं नसलेला माणूस यात येणारच नाही.

म्हणून नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टीआयएफआर यांनी तीन वॉर्डांत सर्वेक्षण केलं. सुमारे ६,९३६ जणांचं रक्त घेऊन अँटिबॉडी तपासल्या. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत सापडल्या, बाहेरच्या वस्तीत १६ टक्के. रोजचा आकडा ज्या शहराचं चित्र दाखवत होता, ते शहर मुळात वेगळंच होतं. आणि शेजारी-शेजारी असूनही दोन वेगळी शहरं होती. तिन्ही वॉर्डांची मिळून एकच सरासरी छापली असती, तर ती दोन्हीकडे खोटी ठरली असती.

पण थांबा, चाचणीसुद्धा चुकते. समजा एक चाचणी खऱ्या बाधितांपैकी ९० टक्के पकडते, आणि बाधा न झालेल्या १०० पैकी दोघांना उगाच पॉझिटिव्ह म्हणते. (हेही आकडे समजण्यापुरते.) हजार जण तपासा:

– खरं प्रमाण १ टक्का असेल, तर १० बाधितांपैकी ९ सापडतील. उरलेल्या ९९० मधून २० जण उगाच पॉझिटिव्ह. एकूण २९ पॉझिटिव्ह, त्यात २० खोटे.

– खरं प्रमाण ५७ टक्के असेल, तर ५७० पैकी ५१३ सापडतील, उरलेल्या ४३० मधून ९ खोटे. एकूण ५२२, त्यात खोटे फक्त ९.

चाचणी तीच, पण पहिल्या वस्तीत तिच्यावर विश्वास ठेवणं धोक्याचं, दुसऱ्या वस्तीत ठीक. म्हणून चांगला अभ्यास कच्चा आकडा तसाच सांगत नाही, चाचणीची चूक धरून दुरुस्त करतो आणि आकड्याच्या दोन्ही बाजूंना किती जागा सोडायची तेही सांगतो. ग्रिडवाल्यांची राखीव वीज आठवली का? तीच ही जागा. इथे तिला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात.

आकडा फोनवर आला की

आता सगळं एकत्र बांधू. पुढच्या वेळी ‘अमुक खाल्ल्यानं तमुक टक्के फायदा’ असा मेसेज फॅमिली ग्रुपवर आला, किंवा ऑफिसात कोणी झकपक डॅशबोर्ड दाखवला, तर हे चार प्रश्न विचारा.

एक. हा आकडा चुकला असेल तर ते कोणाला, कधी आणि कसं कळेल? उत्तर ‘कळणारच नाही’ असेल तर आकडा कितीही गोंडस असो, दोन पावलं मागे सरका.

दोन. तुलनेची गावं कुठायत? फायदा झाला म्हणता, पण जिथे काहीच केलं नाही तिथे त्या काळात काय झालं?

तीन. नाणी खरंच सुटी आहेत का? एक लाख युजर असतील, पण सगळे एकाच शहरातले, एकाच वयाचे, एकाच रीलमागे धावणारे असतील, तर तो एक लाख फसवा आहे.

चार. चुकायला जागा किती ठेवलीय? नुसता एक आकडा सांगणारा अर्धंच सांगतो.

एआयची मॉडेलं आता हॉस्पिटलांत एक्स-रे वाचायला लागलीत आणि ग्रिडवर उद्याचं ऊन-वारा सांगायला लागलीत. दोन्हीकडे मॉडेल सारखंच हुशार असू शकतं. पण उद्या ऊन कमी पडलं तर ग्रिडचा काटा ते उद्याच सांगेल. एक्स-रेमध्ये सुटलेला डाग कदाचित दोन वर्षांनी कळेल, आणि तोवर तो माणूस दुसऱ्याच हॉस्पिटलात असेल. त्याची नोंद पहिल्या मॉडेलकडे परत येणारच नाही. म्हणून आरोग्यात मॉडेल बसवण्याइतकंच काम नंतर माणसांचा माग ठेवण्याचं, मृत्यू नीट मोजण्याचं, तुलनेचा गट सांभाळण्याचं आहे. हे काम कंटाळवाणं आहे. त्याला फंडिंग कमी मिळतं आणि त्याचे रील बनत नाहीत.

गडचिरोलीत कोणीतरी वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन जन्म आणि मृत्यू लिहून घेत होतं, जिथे सेवा सुरू होती तिथेही आणि जिथे नव्हती तिथेही. ६२ चे २५.५ झाले हे आज आपण इतक्या खात्रीनं म्हणू शकतो ते त्या वहीमुळे. तुमच्यापैकी जे डेटा सायन्स शिकतायत, त्यांना एवढंच सांगेन: मॉडेल शिका, पण त्या आधी वही कोण लिहितंय ते बघा.

या भागाबद्दल प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे व्हॉइस नोट पाठवा, निवडक प्रश्न पुढच्या वेळी घेऊ. आणि कोणी तुम्हाला टक्क्यांत घाबरवलं, तर आधी विचारा: दहा हजारांत किती?